लाकडात ओतलेले कथील





नाताळच्या विक्रीत आपल्या सुतारशाळेतील मुलांनी केलेल्या शिसवी पेट्या ज्यांनी घेतल्या, त्यांपैकी पुष्कळांनी मला एकच प्रश्न विचारला : झाकणावरची ती चांदीसारखी रेघ कशाची? पट्टी ठोकली आहे की रंग लावला आहे? दोन्ही नाही. लाकडात खाच कोरून तिच्यात वितळलेले कथील ओतलेले आहे. होय, तेच कथील, जे कल्हईवाला आपल्या पितळी भांड्यांना आतून लावीत असे. हे कसे करतात ते एकदा सविस्तर लिहावे, असे संपादकांचे म्हणणे पडले. मंडळ्यांतील काही तरुण आणि निवृत्त बंधू घरी सुतारकाम करतात, त्यांनाही ते करून पाहता येईल.

लिहिण्याचे दुसरेही एक कारण आहे. मागच्या उन्हाळ्यात एका बंधूंनी ‘मुलांच्या ओतकामासाठी’ म्हणून एक जड पोते मोठ्या प्रेमाने पाठवले. त्यात जुन्या नळांचे तुकडे, जाळ्याच्या गोळ्या आणि बॅटरीच्या पट्ट्या होत्या. सगळे शिसे. ते आम्ही वापरले नाही. देणगी परत करताना फार संकोच वाटतो, आणि दोन ओळींच्या पत्रात कारण नीट सांगता आले नाही. ते या धड्यात सांगतो.

मऊ धातू वितळवून कोरीव कामात भरण्याची रीत फार जुनी आहे. ईयोबाच्या पुस्तकात, १९ व्या अध्यायाच्या २४ व्या वचनात, आपले शब्द लोखंडी लेखणीने आणि शिशाने खडकावर कायमचे कोरले जावेत अशी ईयोब इच्छा करतो. लेखणी समजते, पण शिसे कशाला? अनेक भाष्यकार असा अर्थ लावतात की आधी अक्षरे खडकात खोदायची आणि मग त्या खाचांत शिसे भरायचे, म्हणजे ती दुरून उठून दिसतात. आपल्याकडे १६६४ साली सिंधुदुर्गाची पायाभरणी झाली तेव्हा पायाचे दगड शिशात बसवले, हे आपण शाळेतच ऐकलेले असते. तिथे हेतू शोभेचा नव्हता, मजबुतीचा होता. पण युक्ती तीच. धातू पातळ करून फटीत सोडायचा आणि गोठल्यावर त्याला तिथेच अडकू द्यायचे.

शोभेसाठी हे काम सर्वांत सुंदर कोणी केले असेल, तर माझ्या मते जगातल्या आदिवासींनीच. दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व केप भागातील खोसा लोक लाकडाच्या चिलिमी कोरतात आणि त्यांवरील खाचांत शिसे ओततात. काळसर लाकडावर पांढुरक्या रेघा उमटतात. उत्तर अमेरिकेतील मैदानी मुलुखातले आणि मोठ्या सरोवरांकडचे आदिवासी लाल दगडाच्या चिलिमींवर तसेच करीत. तो दगड मिनेसोटातल्या एका खाणीचा. जॉर्ज कॅटलिन नावाचा चित्रकार १८३६ मध्ये तिथे गेला होता, त्याच्या नावावरून त्या दगडाला कॅटलिनाइट म्हणतात, आणि १९३७ पासून ती खाण राष्ट्रीय स्मारक आहे. त्या लोकांकडे शिसे यायचे ते गोऱ्या व्यापाऱ्यांकडून, बंदुकीच्या गोळ्यांसाठी. त्यातलेच थोडे बाजूला काढून त्यांनी चिलिमींवर नक्षी भरली.

आपल्या देशातली मैनपुरीची तारकशी पुष्कळांनी पाहिली असेल. पण ती निराळी. तिथे पितळेची तार शिसमाच्या लाकडात ठोकून बसवतात, काही वितळवावे लागत नाही. ओतकामाचा फायदा असा की खाच कशीही वेडीवाकडी असो, रस तिच्यात आपोआप जातो. वारली मुलांच्या हातच्या मोकळ्या रेघांना म्हणूनच हे काम जुळते.

आता धातूची निवड. लाकडात ओतायचा म्हणजे धातू असा हवा की लाकूड जळण्याआधी तो वितळलेला असेल. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते, शिसे ३२७ अंशांना आणि जस्त ४१९ अंशांना. लाकूड साधारण दोनशे अंशांपुढे तांबूस पडू लागते. म्हणजे कथलानेही खाचेची कड थोडी करपतेच. पण रस थोडा असतो आणि काही क्षणांत गोठतो, म्हणून केसाएवढी तपकिरी रेघ उरते आणि गडद लाकडावर ती दिसतही नाही. शिशाने ती रेघ जाड होते. जस्ताने तर लाकूड धुमसते, तेव्हा गाडीच्या चाकाला लावतात ती वजने ‘शिशाचीच असतील’ म्हणून कोणी वितळवायला घेऊ नयेत. त्यांत जस्ताचीही असतात. दुकानात ‘लेड-फ्री’ म्हणून डाख मिळतो, तो बहुतेक कथीलच असते आणि त्यात जरासे तांबे असते, तोही चालतो. मात्र भरीव कांडी घ्यावी. ज्या तारेच्या पोटात राळ भरलेली असते ती धूर करते आणि तडतडते. बिस्मथ आणि कथील यांचे एक मिश्रण तर १३८ अंशांनाच वितळते, लाकूड अजिबात करपत नाही. पण ते महाग आणि ठिसूळ आहे, आणि त्याच्या बारीक रेघा तुटलेल्या मी पाहिल्या आहेत.

कथील शिशाहून कितीतरी पटीने महाग आहे, हे खरे. तेव्हा हिशेब करून पाहू. तीन मिलिमीटर रुंद, तीन मिलिमीटर खोल आणि एक मीटर लांब खाच भरायला नऊ घन सेंटिमीटर धातू लागतो, म्हणजे सुमारे ६६ ग्रॅम कथील. एका पेटीच्या झाकणावर एवढी लांब रेघ क्वचितच असते. खर्च झेपण्यासारखा आहे.

हा हिशेब मी फार उशिरा केला, आणि ते सांगितल्यावाचून पुढे जाणे बरे नव्हे. पहिली दोन वर्षे मी मुलांना शिशावर शिकवले. शिसे फुकट मिळत होते. पाड्यावरच्या प्रत्येक घरात मासे मारायचा पाग असतो आणि त्याच्या कडेला शिशाच्या गोळ्या असतात. मुलांना ती धातू ओळखीची, वितळवायची सवयही घरचीच. मला वाटले, यांच्या हातात आहे तेच घेऊन शिकवावे. मुले शिसे ओतायची, कानसायची आणि त्याच हातांनी दुपारी भाकरी खायची. मी त्यांना हात धुवा म्हणत असे, पण ते स्वच्छतेसाठी म्हणतात तसे.

एके दिवशी आमच्या एका विद्यार्थ्याच्या घरी गेलो. चांगला हाताचा मुलगा, त्या वर्षीची उत्तम पेटी त्याचीच. त्याने कार्यशाळेतून उरलेले तुकडे नेऊन घरी पागाच्या गोळ्या ओतल्या होत्या. ओतल्या होत्या आईच्या चुलीवर, आणि ज्या लोखंडी तव्यात शिसे वितळवले तो तवा घासून पुन्हा भाकरीला घेतला होता. मी ओट्यावर बसलो असताना त्याची दीड वर्षाची बहीण रांगत आली. तिच्या तोंडात काहीतरी होते. आईने बोट घालून काढले, तर शिशाचा मणी. “अगं, हा कालचाच,” असे म्हणून ती हसली. मीही हसलो असतो, पण त्याच महिन्यात आरोग्य तपासणीला आलेल्या डॉक्टर भगिनींनी मुलांचे हात पाहून मला विचारले होते, “मास्तर, ही मुले करतात काय?” त्या वेळी मी विषय टाळला होता.

दुसऱ्या दिवशी त्यांना सगळे सांगितले. त्या बाळाचे आणि पाच मुलांचे रक्त तपासायला पाठवले. पाचांपैकी तिघांच्या रक्तात शिसे वाढलेले निघाले, आणि सगळ्यांत जास्त त्या बाळाच्या. डॉक्टर भगिनींनी मला जे समजावले ते असे : शिशाचे शरीराला काहीच काम नाही, आणि ‘एवढे चालते’ अशी कोणतीही सुरक्षित पातळी जागतिक आरोग्य संघटना मानत नाही. गिळलेल्या शिशापैकी लहान मूल मोठ्या माणसाच्या चार-पाच पट शोषून घेते. ते हाडांत आणि दातांत साठते. मुलगी मोठी होऊन गरोदर राहिली की हाडांतले शिसे पुन्हा रक्तात उतरते आणि पोटातल्या बाळापर्यंत जाते. मेंदूच्या वाढीवर होणारा परिणाम भरून येत नाही, आणि तो दिसतही नाही. शाळेत मूल मागे पडते आणि लोक म्हणतात, याचे डोकेच नाही.

त्या घरचा तवा आम्ही बदलून दिला. जमीन ओल्या फडक्याने पुसून घेतली, झाडली नाही, कारण झाडले की धूळ उडते. शाळेतील सर्व शिसे बंद डब्यात भरून परवानाधारक भंगारवाल्याकडे गेले. बाळाची तपासणी पुढे वर्षभर चालू होती आणि प्रत्येक वेळी आकडा खाली आला. त्या आईने मला एकदाही दोष दिला नाही. दिला असता तर बरे वाटले असते.

म्हणून, प्रिय बंधूंनो, ते पोते परत आले.

घरी जो धातू आहे तो कथील की शिसे, हे ओळखायच्या काही खुणा आहेत. शिसे कागदावर घासले की पेन्सिलीसारखी करडी रेघ उमटते. कथलाची उमटत नाही. शिसे नखाने ओरखडते. कथलाची कांडी कानाजवळ धरून वाकवली तर आतून कुरकुर ऐकू येते, जुने कल्हईवाले हीच परीक्षा करीत. शिसे हाताला लगेच जड लागते, कारण ते पाण्याच्या ११.३ पट जड आहे आणि कथील ७.३ पट. परंतु दोन्हींच्या मिश्रणाचा जुना डाख या खुणांना फसवतो. तेव्हा कांडीवर छापलेले नसेल, किंवा दुकानदार खात्रीचा नसेल, तर घेऊ नये. बॅटरी तर कधीच फोडू नये. तिच्यात शिशाबरोबर तेजाबही असते.

लाकडाकडे येऊ. शिसव सर्वांत चांगले : गडद, घट्ट, बारीक रेषेचे. बाभूळही चांगली. सागात तेल असते आणि त्याची छिद्रे मोठी, पण जुना वाळलेला साग चालतो. पांगारा, सावर यांसारखी भुसभुशीत लाकडे नकोत, कोरताना कड तुटते. आम्ही पाडलेल्या घरांच्या चौकटींचे लाकूड घेतो. ते वर्षानुवर्षे वाळलेले असते आणि त्यासाठी झाड पडत नाही. त्यात दोन गोष्टी बघाव्या लागतात. एक, खिळे. दुसरी, जुना तैलरंग. जुन्या रंगांत शिसे असायचे, म्हणून रंगवलेली चौकट मुलांना खरवडायला देत नाही. रंगाची बाजू जाड करवतून टाकतो, आणि तेही मोठी माणसे, तोंडाला मास्क बांधून.

लाकूड कोरडे हवे, हे मी तीनदा लिहायला तयार आहे. ओलाव्यावर तापलेला रस पडला की पाण्याची वाफ होते, आणि वाफेला मूळ पाण्याच्या सोळाशे-सतराशे पट जागा लागते. ती जागा ती रसाला उडवून मिळवते, आणि उडालेला रस तोंडावर येतो. पावसाळ्यात आम्ही ओतकाम बंदच ठेवतो. इतर दिवसांतही कोरलेली फळी दोन-तीन दिवस उन्हात ठेवून, ओतण्याआधी कोमट असतानाच घेतो. पळी कोरडी, कांडी कोरडी, हात कोरडे. जवळ पाण्याची बादली ठेवू नये. आगीसाठी वाळूची बादली ठेवावी. डोळ्यांना चष्मा, पायांत बंद चामडी बूट, अंगात लांब बाह्यांचे सुती कपडे. नायलॉन नको, ते कातडीला चिकटते.

कथील लाकडाला चिकटत नाही. ते फक्त अडकते. त्यामुळे सगळे यश खाचेच्या आकारात आहे : तळाशी रुंद, तोंडाशी अरुंद, म्हणजे गोठलेली रेघ वर निघूच शकत नाही. सरळ पटाशीने खाच पाडल्यावर दोन्ही भिंती आतल्या बाजूला थोड्या तिरक्या कापाव्यात. नवख्याला हे जमत नाही. त्याने सरळ खाच पाडून तिच्या तळाला दोन-दोन बोटांवर तिरकी भोके पाडावीत, एक डावीकडे झुकलेले, एक उजवीकडे. रस त्यांत उतरतो आणि मुळांसारखा धरून राहतो. खोली तीन-चार मिलिमीटर, रुंदी तीनच्या खाली नको, कारण अरुंद खाचेत रस पुढे सरकण्याआधीच गोठतो. कोरून झाल्यावर फळीच्या माथ्यावर चपड्या लाखेच्या पॉलिशचे दोन हात द्यावेत. नाहीतर पुढे कानसताना कथलाची भुकटी लाकडाच्या छिद्रांत बसते आणि फळी करडी दिसते. ती मग काही केल्या निघत नाही.

कथील शेगडीवर जाड बुडाच्या लोखंडी पळीत वितळवावे, आणि ती पळी परत स्वयंपाकघरात जाऊ नये. वर मळी येते ती बाजूला सारावी. पुरेसे तापले का, हे पाहायला कोरडी काडी बुडवावी. काडी तांबूस झाली तर ठीक. लगेच काळी पडून धुरली तर जास्त तापले, उतरवून थोडे थांबावे. फळी अगदी सपाट ठेवावी, खाचेची टोके उघडी असतील तर कागदी पट्टी चिकटवून बंद करावीत, आणि न थांबता एका दमात ओतावे. कड ओलांडून थोडे वर येईल एवढे. गोठताना कथील आक्रसते, ते वरून घेते. मध्येच हात थांबला की दोन ओतींमधला सांधा कायमचा दिसतो. मुले इथे घाबरतात आणि थेंब-थेंब सोडतात. त्यांना मी आधी वाळूत काढलेल्या रेघेत ओतायला देतो.

गोल काठीवर किंवा दांड्यावर नक्षी असेल तर जाड कागद घट्ट गुंडाळून वर ओतायला तोंड ठेवावे. हे दोघांचे काम आहे, एकट्याने करू नये.

पूर्ण थंड झाल्यावर वरचे जादा कथील पटाशीने हलके कापावे आणि मग कानस चालवावी. कानशीला आधी खडू घासावा, म्हणजे मऊ धातू दातांत भरत नाही. शेवटी लाकडी ठोकळ्यावर गुंडाळलेला पॉलिश पेपर, १२०, मग २४०, मग ४००. बोटाने घासू नये. लाकूड आणि कथील सारखे झिजत नाहीत, खड्डे पडतात. विजेवरचे घासयंत्र धातू तापवते, म्हणून आम्ही वापरत नाही. कुठे कडेला फट दिसली तर छोट्या हातोडीच्या गोल बाजूने टिचकी मारावी, कथील पसरून फट बुजते. एवढ्यासाठी तरी मऊ धातू गुणी म्हणायचा. आडव्या रेषेवर लांब पट्टा मात्र टाळावा : पावसाळ्यात लाकूड फुगते, कथील फुगत नाही, आणि दोघांचे बिनसते.

पोळपाट, काठवट, पाट्यांचे हात यांवर आम्ही ही नक्षी करत नाही. गरम भांडे ठेवायच्या वस्तूंवरही नाही.

नक्षीविषयी एक प्रसंग. एका ग्राहक भगिनींनी पेटीवर लग्नाचा चौक मागितला होता. मुलांनी नकार दिला. “मास्तर, तो सवाशिणी काढतात, आम्ही नाही,” असे ते म्हणाले. मी आग्रह केला नाही, आणि चूक न केल्याचे हे माझ्या हातून घडलेले एक उदाहरण आहे. त्याऐवजी त्यांनी तारपानाच काढला, वादक मध्ये आणि नाचणारे त्याच्याभोवती वळत गेलेले. सुंदर होता, पण एवढ्या लांब वळणात रस मध्येच गोठला. चार फळ्या वाया गेल्या. शेवटी ज्याच्या घरचा तवा आम्ही बदलला होता त्याच मुलाने युक्ती काढली : वळण अखंड कोरायचेच नाही, प्रत्येक नाचणाऱ्याची खाच वेगळी ठेवायची आणि मध्ये लाकडाचा बारीक बांध सोडायचा. प्रत्येक माणूस एकेका ओतीत भरतो. आता सगळी मुले तसेच करतात.

कोणाला साहित्य पाठवायचे असेल तर शिक्का असलेली बिनशिशाची डाख-कांडी, जुन्या शिसवी फर्निचरचे तुकडे आणि डोळ्यांचे चष्मे पाठवावेत. चष्मे लहान मापाचे हवेत, मोठे मुलांच्या नाकावरून घसरतात. दिवाळीनंतर लाकूड वाळले की ओतकाम पुन्हा सुरू होईल. गुरुवारी दुपारी कोणीही येऊन पाहू शकतो, फक्त बंद बूट घालून यावे.